जळक्या शर्टाची तक्रार

लोक कंपन्यांना शिव्या घालतात आणि त्या वाचायचा पगार मला मिळतो. हसू नका, खरंच असं काम असतं. कोण कुठल्या कंपनीबद्दल इंटरनेटवर काय बोललं, त्यावर किती जणांनी दात काढले, हे आमचं ऑफिस दिवसभर बघत बसतं. मग मी कंपनीच्या नावाने गोडगोड उत्तरं देते. घरी माझ्या तोंडून गोड शब्द निघत नाही, असं सासूबाईंचं ठाम मत आहे.

तर त्या आठवड्यात एका इस्त्रीच्या कंपनीमागे 'चटकेवाली' नावाचं खातं हात धुऊन लागलं होतं. "या इस्त्रीने सुरकुत्या नक्की जातात, कारण शर्टच जातो," असलं काहीबाही. लोक पोट धरून हसत होते आणि एकमेकांना पाठवत होते. कंपनीचा मालक आमच्या साहेबांवर उखडला आणि साहेब माझ्यावर.

"शुक्रवारपर्यंत त्या बाईने तक्रार काढून टाकली नाही तर हे काम गेलं. आणि हे काम गेलं तर तुला ठेवून मी काय करू?" सरळ तोंडावर सांगितलं मेल्याने.

मी तक्रारीखालचा फोटो मोठा करून पाहिला. जळका निळा शर्ट. त्याचं तिसरं बटण लाल, कारण निळं सापडेना म्हणून मीच ते लावलं होतं. हाच तो शर्ट, जो दोरीवरून वाऱ्याने उडून गेला असं सासूबाईंनी मला गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं!

असा संताप आला म्हणून सांगू! पण घरी जाऊन भांडले असते, तर त्यांनी हट्टाने आणखी चार तक्रारी ठोकल्या असत्या. मी काय त्यांना ओळखत नाही? शिवाय ही तक्रार माझ्याच घरातून आलीये हे साहेबांना कळलं असतं, तर शुक्रवारचीही वाट बघायला नको होती. म्हणून दात-ओठ खात टाइप केलं, "आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

लगेच उत्तर आलं. "मुलगीच दिसतेस. किती गोड बोलतेस गं बाळ!"

बाळ! मला लग्न झाल्यापासून 'अगं ए' म्हणतात.

मग काय, सुरूच झालं. मी ऑफिसातून, त्या घरून. "शर्ट सुनेचा आहे," त्यांनी लिहिलं. "सांगायची हिंमत होत नाही. फार फटकळ आहे."

"मनाने चांगली असेल हो," मी लिहिलं. आपली बाजू आपणच घ्यावी लागते.

"असेल. पण सदानकदा मोबाईलमध्ये डोकं खुपसलेलं." आता ते कुणामुळे, हे कसं सांगणार!

जेवताना नवऱ्याला म्हणतात कशा, "मोबाईलवर एक मुलगी भेटलीये मला. काय तिचं वळण! नाहीतर आपल्याकडे." नवऱ्याने आणखी आमटी वाढून घेतली. मला धड रागावताही येईना, धड मिरवताही येईना.

शुक्रवारी त्यांनी अट घातली. "तक्रार काढते, पण एकदा तुझा आवाज ऐकव."

साहेबांनी ते वाचलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "लाव. इथेच, माझ्यासमोर."

मी नाकावर रुमाल धरला आणि फोन लावला. "हॅलो मावशी, मी इस्त्रीच्या कंपनीतून बोलतेय."

"अगोबाई, सर्दी झालीये वाटतं? बोल बाळ, बोल. दूध ठेवलंय गॅसवर, ते बघते मग."

"आधी गॅस बंद करा!" मी ओरडले. "परवासारखं सगळं ओट्यावर सांडेल!"



"तू?" सासूबाई म्हणाल्या.

"हो, मीच."

"म्हणजे शर्टाचं तुला…"

"पहिल्या दिवसापासून माहितीये."

"आणि तरी माझ्याशी इतकं गोड बोललीस?"

"कामच आहे ते माझं," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "काढते तक्रार. आत्ताच काढते. पण ते सगळं नुसतं कामच होतं का गं?"

साहेब हातवारे करून विचारत होते, काढतेय का, काढतेय का? मी मान हलवली. ते उड्या मारत मालकाला कळवायला गेले. नोकरी वाचली होती आणि मला मात्र रडू यायला लागलं होतं. मी रुमाल खाली ठेवला.

"नाही हो," मी म्हणाले. "पण शर्टाचा राग अजून आहे."

"असू दे की," सासूबाई म्हणाल्या. "घरी ये आणि भांड माझ्याशी. मी वाट बघतेय."