आपोआप आलेलं समुद्रफूल

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे, पंकजच्या माहितीप्रमाणे, दोघंच होते. एक खर्डीचा तो स्वतः, दुसरा मुरबाडचा त्याचा दोस्त ज्ञानेश्वर. समुद्र इथून लांब, त्यामुळे चूक दाखवायला तिसरं कोणी नव्हतं. पंकजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, पण गिऱ्हाइकाचा फोन उघडा टाकून तो प्रवाळांवर बोलत बसे.

मुंबईहून आणलेल्या प्रवाळाच्या दगडावर एका सकाळी तपकिरी काहीतरी उगवलेलं दिसलं. बारीक देठ, वर झालर, काही जवळ नेलं की लगेच अंग चोरायचं. पंकजनं फोनवर चित्रं चाळली आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या समुद्रफुलाशी, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवाशी, ते जुळतंय असं ठरवून टाकलं. मग चिमट्यानं कोळंबीचे कण भरवणं सुरू झालं. बायको माधुरी एकदा म्हणाली की बाजूचं हिरवं प्रवाळ सुकत चाललंय. त्यावर पंकजनं तिला समजावलं की नवीन पाहुणा आला की जुने जरा रुसतात.

थोड्याच दिवसांत समुद्रफुलाला पिल्लं झाली. पंकजला वाटलं, आपल्या पाण्याची ही पावती. एक पिल्लू दगडाच्या चिपळीसकट बाटलीत घालून तो किन्हवलीमार्गे मुरबाडला गेला, ज्ञानेश्वरच्या टाकीत अगदी मधोमध लावलं आणि त्याची निगा कशी राखायची यावर चहा थंड होईपर्यंत बोलला.

पुढं पंकजला त्याचं शास्त्रीय नाव हवं झालं. टाकीवाल्यांच्या एका ग्रुपवर त्यानं फोटो टाकला. नम्रता नावाच्या जुन्या जाणकार बाईंचं उत्तर आलं: हे ऐप्टेशिया, दगडाला चिकटून फुकट येणारं समुद्रातलं तण. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारतं. ओढू नका, तुटलेल्या तुकड्यातून नवीन उगवतं.

पंकजनं 'तण' एवढंच वाचलं आणि चिमटा घातला. उरलेली ओळ त्यानं वाचली तेव्हा तुकडे टाकीभर तरंगत होते. काही आठवड्यांनी काचेवर, पंपावर, दगडावर सगळीकडे झालरी डोलायला लागल्या. लहानपणापासून दर पावसाळ्यात आईबरोबर भाताची बेणणी करून तण उपटलेला माणूस, आणि कोळंबी घालून तण वाढवत बसला. हे आठवून त्याला दुकानात एकट्यालाच हसू यायचं, आणि पाठोपाठ मुरबाडची टाकी आठवून ते विरायचं.

शेवटी एका रविवारी, येतो असं आधी कळवून, तो ज्ञानेश्वरकडे गेला. समुद्रफूल टाकीत मधोमध ऐटीत उभं होतं. ज्ञानेश्वरच्या बायकोनं, मनस्वीनं, पोहे आणून ठेवले. पंकजनं बशी बाजूला सारली. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं.

ज्ञानेश्वरनं शांतपणे पोहे संपवले.

"मला ठाऊक होतं रे," तो म्हणाला.

"मग ते अजून टाकीत कसं?"

उत्तर मनस्वीनंच दिलं, "एरवी ते बरणीत असतं, भाऊजी. तुमी येणार असलात की हे आत ठेवतात."

बरणी खिडकीत होती, शेवाळ धरलेली. दोस्ताची भेट म्हणून ज्ञानेश्वरनं ते तण चिपळीसकट बाहेर काढून वेगळं जगवलं होतं.

"मला सांगायचं तरी," पंकज कसाबसा म्हणाला.

"दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला तू मला पाणी कसं राखायचं ते शिकवलंस. माझी बारी आलीच नाय."

पंकजला ते दोन्ही फोन चांगले आठवत होते. दुसऱ्यात तर त्यानं 'लिहून घे' असंही म्हटलं होतं.

ज्ञानेश्वर उठला, परसातली लिंबं तोडून पिशवीत भरली आणि पंकजच्या गाडीवर मागं बसला. खर्डीला पोचल्यावर दोघं टाकीसमोर गुडघ्यांवर बसले आणि इंजेक्शनच्या सुईनं एकेका झालरीच्या तोंडात लिंबाचा रस सोडू लागले. त्यानं ते न तुटता जागच्या जागी मरतं. ज्ञानेश्वर कुठं, किती ते सांगत होता. पंकजला मधेच दोन सूचना सुचल्या. माधुरी दारातून त्याच्याकडे बघत होती. त्यानं दोन्ही गिळल्या आणि पुढचं लिंबू कापायला घेतलं.