एकादशीची कढई

एकोणीसशे बहात्तर साली मी बी.एस्सी. झाले आणि कॉलेजनं मला थेट साबणाच्या कढईपाशी नेऊन उभं केलं. पदवीधरांनी लहान कारखान्यांत तीन महिने काम शिकायचं, अशी नवी योजना निघाली होती. मुलांना इंजिनांची वर्कशॉप मिळाली. मला, कृपा भिंगारदिवेला, मिळाला केडगावच्या पत्र्याच्या शेडमधला आसारामशेठांचा धुण्याचा साबण. शेवटी मालकानं एक फॉर्म भरायचा. त्यात रकाना होता, 'कामावर ठेवण्यायोग्य आहे काय?' आधी नाक मुरडलं खरं, पण महिन्याभरात मला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

साबण झाला की नाही, ते शेठ जिभेनं ओळखत. कढईतला थेंब गार करायचा आणि जिभेला लावायचा. चुरचुरलं तर कॉस्टिक सोडा जास्त, मग आणखी तेल ओता. माझ्याकडे कॉलेजातली बाटली होती. तिचे दोन थेंब टाकल्यावर साबण गुलाबी झाला, तर कॉस्टिक जास्त.

"जीभ कशाला भाजून घेता, शेठ?"

"आन् तुझी बाटली फुटली मंजी?"

आमचं हे रोजचंच.

माझे दोन दिवस उरले आणि एका वसतिगृहाची मोठी ऑर्डर आली. माल परवा सकाळी हवा. उद्या नेमकी एकादशी! उपासाच्या तोंडाला शेठ साबण लावत नसत, म्हणून त्या दिवशी कारखाना बंद. दारावरच्या पाटीवर तसं रंगवलेलंच होतं. शेठ नकार कळवायला निघाले.

"शेठ, मला कुठं एकादशी असते? आम्ही चर्चला जाणारी माणसं," मी म्हटलं. "कढई मी उतरवते."

शेठ दारातून मागे फिरले. "बिघडली तर?"

"तर रकान्यात 'नाही' लिहा."

एकादशीला कारखान्यातल्या कामकरी मालनबाई कढई ढवळत होत्या आणि शेठ दारात येरझाऱ्या घालत होते. दुपारी मी कडेचा साबण घेऊन थेंब टाकले. पांढराशुभ्र! मी आनंदानं ओरडलेच, "झाला! उतरवा!"

"थांब!" शेठ दारातूनच गरजले. "कडंचा काय घेती? तळाचा घे!"

रागारागानं तळाचा घेतला. लालगुलाबी झाला. मग मी काय केलं असेल? थेंब गार केला आणि जिभेला लावला. अशी चुरचुरली की डोळ्यांत पाणी आलं.

"किती लागतंय?" शेठांचा जीव वरखाली होत होता. "जिभंच्या शेंड्यालाच का मागंबी?"

"शेंड्याला!"

"मंग पाच शेर तेल ओत, जास्त न्हाई!"

तेल ओतलं, अर्धा तास ढवळलं, पुन्हा तळाचा घेतला. बाटली पांढरी, जीभही गप्प. मी आणि मालनबाई अक्षरशः नाचलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच शेठ हजर. उपास सोडायचा होता, पण आधी त्यांनी वडी कापली आणि कपची जिभेवर ठेवली. मग खिशातून फॉर्म काढला, रकान्यात लिहिलं आणि माझ्यापुढे धरला.

'कामावर ठेवण्यायोग्य आहे काय?' याच्यापुढे लिहिलं होतं : 'यापुढे एकादशीला कारखाना चालू राहील.'