आठ नंबरचा हट्ट

मी एक जुनी मोजपट्टी आहे. कापडाची नव्हे, पायाची. एका सुताराने सागाच्या फळीतून मला घडवले, टाच टेकायला मागे अर्धगोल कठडा बसवला, अंगावर आकडे कोरले आणि बोटांपर्यंत सरकणारी पितळी पट्टी लावली. तेव्हापासून मी या बुटांच्या दुकानात आहे.

मित्रांनो, मला स्वस्थ पडून राहता येत नाही. दारात पाऊल वाजले, की कोणाचे असेल, केवढे असेल, म्हणून माझी चुळबुळ सुरू होते. थोरले मालक होते तोवर ठीक होते. ते प्रत्येकाला माझ्यावर उभे करून दोन्ही पायांची मापे घेत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि दुकान त्यांची सून पाहू लागली. तिच्या हाताला उसंत नसे. गिऱ्हाईक नंबर सांगे, ती खोका काढी. मी काउंटरखालच्या फळीवर पॉलिशच्या डब्यांमागे गेले. तिथून मला नुसते पाय दिसत.

एका सकाळी तिथूनच मला शिंपीकाकांचे पाय दिसले. चाळीस वर्षे मशीन चालवून उजवे पाऊल चांगलेच पसरट झाले होते. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोज तासभर चालायला सांगितले होते.

"आठ नंबर द्या," काका म्हणाले.

"अहो, एकदा माप तरी घेऊ द्या," सोबतच्या काकू म्हणाल्या.

"लग्नात आठच घातले होते. लोकांची मापं घेण्यात जन्म गेला माझा, मला माझं माप कळत नाही होय?"

सूनबाई हसली आणि तिने खोका उघडला. उजवा बूट चढेना. काकांनी टाच आपटून आपटून तो चढवला. करंगळीपाशी चामडे टरारून फुगले. मला ते लख्ख दिसत होते.

"चावतात का कुठे?" सूनबाईने विचारले.

"छे! लोण्यासारखे आहेत."

काका खोटे बोलत नव्हते. साखरेने त्यांची पावले बधिर झाली होती. त्यांना खरोखरच काही लागत नव्हते. मी जागच्या जागी तळमळले. मला हात असता तर त्यांचा पाय धरून ठेवला असता. ते मात्र नवे बूट वाजवत निघून गेले.

पुढचे दहा दिवस कसे गेले, विचारू नका. रस्त्यावर बूट वाजले, की मला वाटे, तेच आले. अकराव्या दिवशी काकू एकट्याच आल्या. त्यांनी पिशवीतून उजवा बूट काढला.

"आत हात घालून बघ."

सूनबाईने हात घातला. अस्तर वाळलेल्या रक्ताने कडक झाले होते.

"रोज तासभर चालत होते. एक अक्षर बोलले नाहीत, कारण कळलंच नाही त्यांना," काकू म्हणाल्या. "काल मोजा धुवायला घेतला तेव्हा मी पाहिलं. करंगळी काळी पडली आहे. दवाखान्यात ठेवलंय."

सूनबाईने बूट खाली ठेवला. "मी माप घ्यायला हवं होतं, काकू."

"आणि मी गप्प बसायला नको होतं."

काकू गेल्यावर तिने डबे बाजूला सारून मला बाहेर काढले आणि ओढणीने पुसले. इतक्या वर्षांनी मी उजेडात आले होते. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

त्या दिवसापासून ती आल्यागेल्या प्रत्येकाचे माप घेऊ लागली. पण माझे चित्त एकाच पायाकडे लागले होते. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तो आला. सैल सँडल, काकूंचा आधार, आणि करंगळीच्या जागी भरून आलेली जखम.

सूनबाईने खुर्ची पुढे केली. "बसा काका."

"नको. बसून दिलेलं माप खोटं," म्हणत काका माझ्यावर उभे राहिले.

हजारो पावलांचा भार मी सोसला आहे. पण इतके जपून मी कधी कोणाला पेलले नव्हते. पितळी पट्टी हळूच सरकली. डावा साडेआठ. उजवा नऊ, आणि रुंद.

काका आकड्याकडे पाहत राहिले. "लोक जुना सदरा आणून म्हणायचे, यावरून शिवा. मी परत पाठवायचो. सदरा नको, तुम्ही स्वतः या म्हणायचो."

सूनबाईने मोठ्या पायाच्या मापाचे, पुढून रुंद बूट काढले. शिवण टोचत नाही ना, हे आत बोटे फिरवून पाहिले. डाव्या बुटात पातळ गादी घातली. पुढे अंगठाभर जागा राहते का, ते दाबून बघितले. मग काकांना रोजच्या मोज्यांवर दारापर्यंत चार फेऱ्या मारायला लावल्या.

"चावतात का?"

काकांनी काकूंकडे बोट दाखवले. "मला नको विचारू. हिला विचार."

काकू खाली बसल्या. त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि चष्मा नाकावर ओढून पाऊल सगळीकडून न्याहाळले. कुठे लाली नव्हती.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला लांबीरुंदी कळते, दुखणे कळत नाही. तुम्हाला ते कळते, तोवर त्याचे ऐका. बूट घ्यायला दिवसभर चालून झाल्यावर जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात; आणि उभे राहून दोन्ही पाय मोजा. आणि घरातल्या आजीआजोबांना 'बूट कसे आहेत' असे विचारून पुढे जाऊ नका. त्यांचे पाय हातात घ्या आणि बघा.