अर्धा कप चहाचा नियम

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींच्या लांब पल्ल्याच्या कुत्रा-स्लेड शर्यतीचा, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या शर्यतीचा, उगम शरयूकाकूंच्या खुब्यात आहे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर काकू चार मैलांवरच्या रिहॅबमध्ये होत्या. संक्रांत आली ती अठरा इंच बर्फ घेऊन. गाड्या बंद. बेचाळीस वर्षं त्यांच्या नवऱ्याचा, दिगंबरकाकांचा, पहिला तिळगूळ काकूंच्या हातावर पडायचा आणि वर्षाची भांडणं मिटायची. यंदाचं भांडण मोठं होतं. काकू जिन्यावरून पडल्या तेव्हा काका म्हणाले होते, "बघून उतरायचं ना." तेव्हापासून फोनवर फक्त गोळ्यांची नावं.

भेटायची वेळ पाचपर्यंत. काकांनी नातवाच्या प्लॅस्टिकच्या स्लेडला भाऊसाहेबांना जुंपलं. भाऊसाहेब म्हणजे त्यांचा हस्की कुत्रा, अनेक शर्यतींत शेवटचा येऊन निवृत्त झालेला. उतारावर काका बसायचे, चढावर दोघं मिळून ओढायचे.

रस्ता एकच माहीत, तो ओळखीच्या घरांवरून जाणारा.

"काका, चहा टाकलाय," वाटेतल्या पहिल्या घरातल्या रेणूने दारातूनच सांगितलं.

"नको गं, पाचच्या आत पोचायचंय."

"अर्धा कप."

भाऊसाहेब आधीच पायपुसण्यावर बसले होते. रेणूने लाडू दिला. काकांनी आपला तिळगुळाचा डबा घट्ट धरला. "माझा आत्ता देता येणार नाही. पहिला शरयूचा."

"घेऊन द्यायचं नाही? संक्रांतीला?" रेणूने मुलांची स्लेड काढली, तिला आपला लॅब्रडॉर बांधला. "मग मीच येते वसुलीला."

पुढे कुशच्या घरी तेच झालं. त्याचा पग ओढेना, म्हणून कुशने पगला स्लेडवर बसवून स्वतः ओढलं.

पाचला आठ मिनिटं कमी असताना काका खोलीत पोचले. मिशांवर बर्फ, हातात लाडू. "घे. गोड बोल."

लाडू गोठून दगड झाला होता. काकूंनी तो गालात धरला, त्यामुळे बराच वेळ काहीच बोलता येईना.

"बघूनच उतरत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "मोजे घसरले."

"मोजे मीच आणले होते," काका म्हणाले. "सेलमधले."

काकूंनी त्यांच्या मिशांवरचा बर्फ पदराऐवजी रिहॅबच्या चादरीने पुसला. मग दारात उभ्या रेणू आणि कुशकडे बघून म्हणाल्या, "त्यांना दे आता. ताटकळलीत बिचारी."

पुढच्या वर्षी अकरा स्लेड आल्या. नियम एकच: वाटेतल्या प्रत्येक घरी अर्धा कप चहा. काकू काकांच्या स्लेडवर बसल्या, पायांत नवे मोजे घालून, आणि भाऊसाहेबांनी परंपरेप्रमाणे शेवटचा नंबर राखला.