चित्राखालची ओळ

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. हेमंतातली एक दुपार मनात आणा. ऊन पपनसाच्या सालीसारखं फिकट पिवळं आहे आणि ते सावंतवाडीच्या मोती तलावावर हलक्या पावलांनी उतरलं आहे. पाण्यात आकाश आहे, आकाशात एक घार आहे, आणि त्या घारीला कुठेच जायची घाई नाही.

आता तलावापासून वर जाणारी चढण चढा. उजव्या हाताला एक कौलारू घर दिसेल, घराला लांबट पडवी. पडवीत फळंच फळं. ऐन थंडीत पिकलेले आंबे, ऐन थंडीत काळीभोर झालेली जांभळं, लाली चढलेली डाळिंबं. हात लावू नका. रंग अजून ओला आहे, आणि ही सारी फळं लाकडाची आहेत.

त्या रंगीत, निर्गंध बागेच्या मधोमध बसली आहे सुगंधा. वय चोपन्न, लग्न कधी केलं नाही, केस अर्धे पांढरे, बोटं मात्र सदा रंगलेली. तिच्याजवळ, मांडीवर दप्तर घेऊन, शाळेतून नुकतीच आलेली तिची भाची मनवा. वय दहा. मनवा तिला आते म्हणते.

सुगंधा फक्त रंग द्यायची. लाकूड कातून फळाला आकार द्यायचं काम दुसऱ्या हातांचं. कोलगावच्या सगुण मेस्त्रींचे ते हात. सव्वीस वर्षं दर सोमवारी त्यांचं पोतं या पडवीत यायचं, पांगाऱ्याच्या लाकडाच्या पांढऱ्या, हलक्या, अजून नाव नसलेल्या फळांनी भरलेलं. शनिवारी तीच फळं रंगून, नाव घेऊन परत जायची. सव्वीस वर्षांत दोघं किती बोलली असतील? एका वहीचं पान भरेल, एवढंच.

पण दर पोत्यात तळाशी एक फळ जास्तीचं असायचं. व्यापाऱ्याने न मागितलेलं, कुठल्याच यादीत नसलेलं. एक इवलासा बोंडू, काजूचं फळ. सुगंधाला लहानपणापासून बोंडू आवडायचे, हे मेस्त्रींना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. तिने त्या बोंडवांना कधी रंग दिला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ते पांढरेच राहिले. डबे भरत गेले. डब्यांवर डबे चढले.

मग एका वैशाखात मेस्त्रींच्या बोटांना कंप सुटला. बायको केव्हाच वारली होती, म्हणून लेकाने त्यांना बेळगावला न्यायचं ठरवलं. जाण्याच्या दिवशी ते पडवीच्या पायरीशी उभे राहिले, मुंडासं हातात घेऊन, आणि त्यांनी सव्वीस वर्षांतलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं.

"सुगंधा, माझ्यावांगडा येशीत काय? थंयसर घर असा. लेक काय बोलाचो नाय."

सुगंधाच्या हातात कुंचला होता. तिने मान वर केली नाही. "रंग ओलो असा," एवढंच ती म्हणाली.

मेस्त्रींनी मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं. मग बेळगावच्या पत्त्याची चिठ्ठी पायरीवर ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक आंबा ठेवून निघून गेले. कोपऱ्यात बाहुलीचे केस विंचरत आठ वर्षांची मनवा बसली होती. तिने सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. मुलं ऐकतात, बाळांनो, हे मोठ्यांच्या फार उशिरा ध्यानात येतं.

चिठ्ठी आरशाच्या मागे गेली. दोन वर्षं तिथेच राहिली. सुगंधा रोज आरशासमोर कुंकू लावी, आणि रोज ते काचेआडचं गाव तिच्या कपाळापासून वीतभर अंतरावर असे. जावं, न जावं. जावं, न जावं. पोती आता एका कारखान्यातून येत. त्यांच्या तळाशी काही नसे.

त्या हेमंतात मनवाच्या बाबांनी घरी नवा टीव्ही आणला आणि जुना बहिणीच्या पडवीत आणून ठेवला. त्यावर एका दुपारी, कुठलंसं बटण दाबता दाबता, बर्फ पडू लागला.

किती बर्फ. झाडांवर बर्फ, पुलावर बर्फ, शांततेवरही बर्फ. जपानमधलं एक डोंगरगाव होतं ते. वरच्या गावात एक माणूस लाकूड कातत होता. त्याच्या हातांतून बाहुल्या घडत होत्या, हात नसलेल्या, पाय नसलेल्या, फक्त गोल डोकं आणि गोल देह. खालच्या गावात, नदीपलीकडे, एक बाई त्या बाहुल्यांना डोळे काढत होती, नाजूक जिवणी काढत होती.

सुगंधाचा कुंचला थांबला. "हे आमच्यासारखेच गो," ती म्हणाली.

माणसं जपानीत बोलत होती, आणि चित्राखाली इंग्रजीत ओळी उमटत होत्या. सुगंधाला इंग्रजी येत नव्हतं. मनवा इंग्रजी शाळेत पाचवीत होती. ती ओळ वाचायची, क्षणभर ओठ हलवायची आणि मालवणीत सांगायची. असा बर्फातला जपान रोज दुपारी साडेतीनला सावंतवाडीच्या पडवीत मालवणी बोलू लागला.

फार वेगळी होती ती मालिका. आपल्याकडे दोघांची नजरानजर झाली की ढग गडगडतात आणि चेहरा तीन वेळा दाखवतात. इथे दहा भागांत तो आणि ती एकदाही समोरासमोर आली नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. फक्त एक पेटी पुलावरून जायची, पुलावरून यायची. चौथ्या भागात तिची दृष्टी मंदावली. तिने कुणालाच सांगितलं नाही. पण काढलेल्या भुवईची रेघ किंचित थरथरली होती, तेवढी त्याने पाहिली, आणि पुढच्या पेटीतल्या बाहुल्यांची डोकी जराशी मोठी होती. एवढंच. त्या भागात आणखी काही घडलं नाही, आणि आणखी काही घडायला नको होतं.

मनवाला ते पटेना. "ह्या कसला प्रेम, आते? हात पण धरनत नाय एकमेकांचो."

"हात कामात असत ना बाये त्यांचे," सुगंधा म्हणाली.

दिवस आखडत गेले. पडवीतली सावली रोज बोटभर आधी पायरी उतरू लागली. सुगंधा आता दुपारची वाट पाही. सकाळी फळं रंगवताना ती स्वतःशी पुटपुटे, "जायत ती. पूल ओलांडीत. कधी ना कधी ओलांडीतच." आणि असं म्हणताना तिची नजर आरशाकडे जाई. मनवाने ती नजर पाहिली होती. मालिका संपेल तेव्हा आतेच्या मनातलंही काहीतरी ठरेल, हे तिला, कुणी न शिकवता, कळलं होतं.

शेवटचा भाग आला. बर्फ वितळत होता. नदी फुगली होती, काठावर पहिली कोवळी हिरवळ होती. आणि ती बाई, ती मंदनयना, मितभाषिणी बाई, निळी शाल पांघरून पुलावर आली. सुगंधाने कुंचला खाली ठेवला. दहा भागांत प्रथमच ठेवला.

बाई पूल ओलांडून वरच्या गावात पोचली. कार्यशाळेचं दार बंद होतं. खिडकीतून लाकूड कातायचं यंत्र दिसेना, लाकडाचा ढलपाही दिसेना. शेजारची म्हातारी बाहेर आली, तिने वाकून नमस्कार केला, आणि चित्राखाली ओळ उमटली.

वसंत लागेपर्यंत तो तुमची वाट पाहत होता. मग त्याने वाट पाहणं सोडलं. तो सुखात आहे.

मनवाने ओळ वाचली. ओठ हलवले. मग तिने आतेकडे पाहिलं.

सुगंधाच्या चेहऱ्यावर उतरतं ऊन पडलं होतं. चोपन्न वर्षांचा तो चेहरा त्या घडीला चौदा वर्षांचा दिसत होता. "काय म्हणता गो ती?" तिने विचारलं. "सांग ना."

बाळांनो, तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. मनवा दहा वर्षांची होती आणि तिचं आतेवर फार प्रेम होतं.

"ती म्हणता," मनवा सावकाश म्हणाली, "तो अजून तुमचीच वाट बघता. खाली गावात गेलो असा. येतलो."

पडद्यावर ती बाई बंद दाराला टेकून रडत होती.

"मगे रडता कित्याक ती?"

"आनंदान," मनवा म्हणाली.

आणि सुगंधाही रडली. आनंदाने.

त्या संध्याकाळी चिठ्ठी आरशामागून बाहेर आली. पत्र्याचा एक डबा उघडला. सुगंधाने एक बोंडू निवडला, पहिल्या पोत्यातला, अठ्ठावीस वर्षांत पिवळसर झालेला. देठाशी हळदी रंग, मध्ये केशरी, टोकाला लाल, आणि खाली राखाडी काजूबी. शनिवारभर तो सुकला. रविवारी सकाळी तिने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं आणि मनवाला हाक मारली. बेळगावच्या पाट्या वाचायला कुणीतरी हवं होतं.

मनवाने तेव्हा सांगायला हवं होतं. स्टॅंडवर सांगायला हवं होतं, आंबोलीच्या घाटात सांगायला हवं होतं. प्रत्येक वळणाला ते वाक्य तिच्या घशापर्यंत चढलं आणि प्रत्येक वळणाला परत उतरलं. आते खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. आतेला गुणगुणताना तिने यापूर्वी कधी ऐकलंच नव्हतं.

घर सापडलं. पाटीवर कानडी होतं, त्याखाली इंग्रजी होतं. मनवाने ते बरोबर वाचलं. दाराशी तुळस, ओसरीवर आरामखुर्ची, खुर्चीत सगुण मेस्त्री. अंगाने भरलेले, चेहऱ्यावर तुकतुकी. ते उठून उभे राहिले. आणि आतून, हात पुसत, कपाळावर ठसठशीत कुंकू ल्यालेली एक बाई आली.

"कोण आलंय ओ?" तिने विचारलं.

"आमच्या गावची," मेस्त्री म्हणाले. "सुगंधा. माझी फळां रंगवी." मग सुगंधाकडे न बघता म्हणाले, "ही गिरिजा. आमी गेल्या साली लगीन केलांव."

बाळांनो, काही शब्द दगडासारखे पडत नाहीत. ते बर्फासारखे पडतात. आवाज होत नाही. फक्त हळूहळू सगळं झाकलं जातं.

गिरिजाबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी मनवाला लाडू दिला, सुगंधाला पाट दिला आणि पाठीशी उशी दिली. त्यांनी सुगंधाने आणलेला बोंडू हातात घेतला, उन्हात धरला. "खरंच वाटतंय की ओ. आत्ता वास येईल बघा ह्याचा." आणि त्यांनी तो कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवला, प्लॅस्टिकच्या ताजमहालाच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा.

त्या चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा मेस्त्रींनी कपाटाकडे पाहिलं. रंगलेला बोंडू त्यांनी आयुष्यात प्रथम पाहिला होता. त्यांची बोटं गुडघ्यावर थरथरत होती, ती त्यांनी दुसऱ्या हाताने धरली.

"मी चतुर्थीपर्यंत वाट बघलंय, सुगंधा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मगे माका एकट्याक जेवक होयना."

"बरा केलात, मेस्त्रीनू," सुगंधा म्हणाली. आणि ती ते मनापासून म्हणाली. चहा आला. तिने तो पूर्ण प्यायला. कपात साखर जास्त झाली आहे का, असं गिरिजाबाईंनी विचारलं, तेव्हा ती हसून नाही म्हणाली.

परतीची एसटी आंबोलीला पोचली. घाटमाथ्यावर धुकं होतं. दऱ्या नव्हत्या, झाडं नव्हती, फक्त पांढरं, पांढरं, अनंत पांढरं. सुगंधाच्या बाजूच्या खिडकीची काच मोडलेली होती, आणि तिथून थंडगार वारा सुरीसारखा आत येत होता.

"आते," मनवा म्हणाली. "त्या बाईन तसा सांगलेला नाय. मी खोटा वाचलंय."

सुगंधाने मान वळवली. तिने त्या लहानशा चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. राग नव्हता, आणि क्षमाही अजून तिथवर पोचली नव्हती. एक वळण गेलं. दुसरं गेलं.

"खरा वाचलं असतंस," ती शेवटी म्हणाली, "तर माझो पाय उंबऱ्याभायर पडलो नसतो." मग तिने डोळे मिटून घेतले. पापण्यांच्या कडांना ओल होती, आणि वाऱ्यामुळे ती गालांवर न उतरता कानांकडे सरकत होती. "आता सांग. खरा काय होता ता सांग. सगळा सांग."

मनवाने सांगितलं. वसंत सांगितला, वाट पाहणं सांगितलं, वाट पाहणं सोडल्याचं सांगितलं. तो सुखात आहे, हेही सांगितलं. एकही शब्द तिने मऊ केला नाही, एकही गाळला नाही. सांगताना ती रडत होती, पण थांबली नाही. आणि सांगून झाल्यावर ती उठली. आतेच्या गुडघ्यांवरून पलीकडे सरकून त्या मोडक्या खिडकीशी उभी राहिली, दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरून, घाटाकडे पाठ करून. आणि घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीपर्यंत, एकेक वळण, एकेक वळण, सारा वारा तिने आपल्या इवल्याशा पाठीवर घेतला.