अडीच मिली

मृणाली चहा पिता पिता वर्तमानपत्रातून पडलेलं एका कापड दुकानाचं पत्रक उचलून बघत होती. काळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं. त्यातली निम्मी शाईनं बुजलेली. पत्ता वाचता येत नव्हता. आणि एकदम तिला आपलं पत्रक आठवलं.

जळगावात ती घरूनच डिझाइनचं काम करायची. चार दिवसांपूर्वी तिनं पशुऔषधांचा धंदा करणाऱ्या ललित पाटलांच्या एका औषधाचं माहितीपत्रक धुळ्याच्या छापखान्यात पाठवलं होतं. शेळ्यांच्या जंतांचं औषध. त्यातही तिनं काळी पट्टी घेतली होती आणि मात्रा पांढऱ्या अक्षरांत लिहिली होती : २.५ मिली. काळा रंग गडद दिसावा म्हणून तो चारही रंग मिसळून केला होता. मशीनवर एखादी प्लेट केसभर जरी सरकली, तरी त्या चार रंगांतला एखादा पांढऱ्या जागेत शिरणार. अक्षर कसंबसं तग धरेल. पण ठिपका?

तिनं छापखान्याचे मालक बन्सीलालशेठ यांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मशीन चालू असेल तर त्यांना काही ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं पर्स उचलली आणि धुळ्याची बस पकडली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ती मोबाइलवर फाइल उघडून तो ठिपका मोठा करून पाहत होती. ठिपका स्वच्छ होता. पडद्यावर सगळंच स्वच्छ असतं, आणि त्यामुळे तिला आणखीच बेचैन व्हायला होत होतं.

छापखान्यात शिरताच तिनं वरचा कागद ओढला. २५ मिली. त्याच्या खालचाही तसाच. तिसऱ्यावर जागा किंचित फिकी होती, ठिपका आहे म्हटलं तर आहे.

"शेठ, मशीन थांबवा!"

"काय झालं?" बन्सीलालशेठ हात पुसत आले. "प्रूफ तर तुम्हीच पास केलं ना?"

"पडद्यावर केलं. छापील मागवायला हवं होतं. ह्यातलं काही बाहेर गेलंय का?"

"पहिला गठ्ठा कापून दिला. सकाळी समाधान घेऊन गेला, पिंपळनेरला."

समाधान म्हणजे ललितभाऊंचा माणूस. तिकडे शेळीपालकांचा मेळावा होता. मृणालीनं त्याला फोन लावला.

"समाधानभाऊ, पत्रकं वाटू नका. मात्रा अडीच मिली आहे, पंचवीस नाही."

"ताई, मेळावा तर संपला. बाटल्या घेऊन लोक घरी निघाले. मी गाडी काढतो. सगळ्यांची नावं माहीत आहेत."

मग तिनं ललितभाऊंना सांगितलं. "छापलेलं सगळं फाडा," ते म्हणाले. "आणि यंदाच्या कॅलेंडरचं काम मी दुसऱ्याला देतोय."

शेठच्या कॉम्प्युटरवर बसून तिनं पट्टी काढून टाकली, पांढऱ्या कागदावर नुसत्या काळ्या शाईत ठळक अक्षरांत 'अडीच मिली' लिहिलं, खाली आकडाही दिला. नवी प्लेट निघाली. पहिला कागद आला तसा तिनं भिंगाखाली धरला, मग दुसरा, मग विसावा. फोन टेबलावर होता. तो वाजत नव्हता.

वाजला तेव्हा ऊन उतरलं होतं. समाधान होता. "सगळे भेटले, ताई. फक्त भागाबाईंच्या घरी उशीर झाला. गाभण शेळीला पाजून बसल्या होत्या. डॉक्टर आलेत."

शेळी वाचली. पोटातलं करडू गेलं.

दुसऱ्या दिवशी मृणाली पिंपळनेरला गेली. नको म्हणून समाधाननं खूप सांगितलं, तरी गेली. ललितभाऊंनी नुकसानीचं बघतो म्हटलं होतं, पण ते काम पैशांनी मिटणारं नाही असं तिला वाटत होतं. भागाबाई अंगणात शेळीपुढे पाला धरून बसल्या होत्या. शेळी तोंड फिरवत होती.

"अक्का, तो कागद मी बनवला. त्यात अडीचच्या जागी पंचवीस छापलं गेलं. चूक माझी आहे."

भागाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "म्हंजे कागदवर पंचवीसच लिखेल व्हतं?"

"हो."

"मंग मन्ही वहूनी बराबर वाचं."

त्या उठल्या. दारात त्यांची ही वहू, म्हणजे सून डिंपल, उभी होती, रडून डोळे सुजलेली. कालपासून सगळं घर तिला बोलत होतं : दहावी शिकलीस आणि साधा आकडा वाचता येईना.

"डिंपल, आठे ये," भागाबाईंनी तिला जवळ बोलावलं. मग मृणालीकडे वळल्या. "ताई, आते जे मले सांगं, ते हिले सांग. आनि जरा जोरमा सांग. बठ्ठा घरले ऐकू जावाले पाहिजे."

मृणालीनं सांगितलं. पहिल्यांदा आवाज सगळ्या घरात पोचला नाही, म्हणून पुन्हा, जोरात सांगितलं.