उसन्या पाट्या

“आमच्या विद्यालयात लोककलेचे जतन, संवर्धन आणि अध्यापन होते.”

हे वाक्य मुख्याध्यापक कमलेश राऊत यांनी ध्वनिक्षेपकावर तिसऱ्यांदा म्हणून पाहिले आणि व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या राजनंदिनी शितोळे यांना विचारले,

“मॅडम, जोर कशावर देऊ? जतनावर की अध्यापनावर?”

“कुठेही द्या, सर. रिकामा डबा कुठूनही वाजवला तरी आवाज तोच येतो.”

राऊत सर मनमोकळे हसले. टोमणा आपल्याला असू शकतो ही शंका इतक्या वर्षांच्या प्रशासनात त्यांच्या मनाला कधी शिवलीच नव्हती.

राजनंदिनीबाईंनी प्राचीन संगीतशास्त्रातील श्रुतिविचारावर प्रबंध लिहिला होता, आणि त्या विद्वत्तेच्या बळावर त्या बोईसरच्या या माध्यमिक शाळेत गेली कित्येक वर्षे संस्कृतच्या तासाला मुलांकडून ‘देव’ शब्द चालवून घेत होत्या. जुन्या शास्त्रकारांची एक रीत त्यांना फार प्रिय होती. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडण्याआधी ते त्याच्या तोंडून पुरते वदवून घ्यायचे. राऊत सरांचे म्हणणे पुरते वदून झाले होते. उद्याच्या कार्यक्रमात ते पाहुण्यांसमोर चौथ्यांदा वदले जाणार होते.

जतन होत होते, याबद्दल वादच नव्हता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने सामाजिक दायित्वाच्या निधीतून संगीत दालन बांधून दिले होते. भिंतींना आवाज गिळणारा जाड स्पंज, काचेचा दरवाजा, वातानुकूलन. तंबोऱ्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत उभी होती. तबले सर्वांत वरच्या फळीवर होते, कारण खालच्या फळीवर मुलांचे हात पोचतात. शाळेतली एवढीच खोली थंड असल्याने शालेय समितीच्या सभा इथे भरत आणि उन्हाळ्यात राऊत सर इथे डबा खात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेल्या त्या खोलीत तो मुळात निर्माणच होऊ नये, इतके जतन झाले होते.

अध्यापनाचे म्हणावे तर वेळापत्रकात संगीताचा तास होता. दहावीचा बीजगणिताने नेला, नववीचा विज्ञानाने. आठवीच्या तासाला संगीतशिक्षक इंद्रजीत घोरपडे बहुधा मतदारयाद्यांच्या कामाला गेलेले असत, कारण अशा कामासाठी मोकळा शिक्षक हवा असला की सर्वांना त्यांचेच नाव सुचे.

राहिले संवर्धन. ते शाळेच्या लोककला पथकाचे झाले होते. लोककलेत भाग घेणाऱ्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे कळल्यापासून साताऱ्या-जळगावाकडून नोकरीसाठी इथे आलेल्या घरांत कोळीनृत्याची अनिवार ओढ निर्माण झाली होती. मुले मोबाइलवर पाहून पावले बसवीत आणि मागे वाजणाऱ्या गाण्यावर तोंडे हलवीत. लोककलेतून लोक वजा झाले होते, कलाही वजा झाली होती. बाकी गुण उरले होते.

आणि जिवली पथकात नव्हती.

जिवली जवळच्या घिवली गावची, मच्छीमाराच्या घरची, दहावीत. गावात लग्न निघाले की हळदीला गाणाऱ्या बायकांच्या पुढे तिला बसवत, कारण लग्नगीते सांगणारी म्हातारी धवलारीण आता पहिली ओळ उचलताना धापा टाकायची आणि तिच्या जागी ती उचलणारे दुसरे कोणी नव्हते. तिची थोरली बहीण हिना गेल्या वर्षी चार गुणांनी अकरावी विज्ञानाच्या यादीबाहेर राहिली. आता ती एका कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची खोकी भरत होती. जिवलीचे बीजगणित हिनापेक्षाही कच्चे होते. वाढीव गुण मिळाले तर ती तरणार होती, नाही तर त्याच कारखान्याची बस दारात येणार होती.

जूनमध्ये इंद्रजीत सरांनी तिला ऐकले आणि निकाल दिला, “हिला सूर नाही.” मात्र तिच्या घरची लुगडी आणि मासळी विकायच्या बांबूच्या पाट्या त्यांनी पथकासाठी मागवून घेतल्या. पाट्यांना वास येतो म्हणून त्या जंतुनाशकाने दोनदा धुतल्या. लुगडे नेसवायला कोणाला येईना, तेव्हा जिवलीलाच बोलावले. यावर राजनंदिनीबाई महिनाभर राऊत सरांशी भांडत होत्या. त्यांचे उत्तर ठरलेले होते, “इंद्रजीत सर हो म्हणाले, की मी सही करतो. सुरातलं मला काय कळतं?” वाढीव गुणांसाठी पथकाची नावे उद्या संध्याकाळी मंडळाकडे पाठवायची होती.

रंगीत तालीम आटोपली. राऊत सर आणि राजनंदिनीबाई संगीत दालनात आले, तेव्हा जिवली गुडघ्यांवर बसून रूपलच्या लुगड्याच्या टाचण्या काढत होती. रूपल पथकाची नायिका होती आणि स्वभावाने गोड होती.

“जिवली, उद्यापण तूच नेसव हां. माझ्या आईला हे मागचं खोचायचं जमतच नाही.”

“तू हलू नको. टोचंल.”

इंद्रजीत सर पेटीवर गवसणी चढवीत होते. काचेचा दरवाजा ढकलून एक बाई आत आल्या, गारव्याने क्षणभर दचकल्या आणि कोपऱ्यातल्या पाट्यांकडे सरळ चालू लागल्या. ही जमना, जिवलीची आई. बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी.

“मावशी, चपला बाहेर काढा,” इंद्रजीत सर म्हणाले.

“काढते. पाट्या घेते नि जाते. उद्या बाजार हाय.”

राऊत सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “उद्या? उद्या कार्यक्रम आहे, ताई. साहेब येणार आहेत. पाट्यांशिवाय कोळीनृत्य कसं होईल?”

“तुमचा नाच एक दिवसाचा, गुरुजी. माजं पोट रोजचं.” जमनाने एक पाटी उचलून नाकाशी नेली. “हे काय फासलंय हिला? दवाखान्यासारका वास मारते. गिऱ्हाईक म्हनंल, जमनाची मासळी आजारी हाय.”

रूपलला हसू आवरेना. राजनंदिनीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बोलण्याची गरज नसलेला क्षण त्यांच्या वाट्याला क्वचित येई.

“आपण प्लॅस्टिकच्या घेऊन देऊ तुम्हाला,” राऊत सर म्हणाले.

“मग त्या प्लॅस्टिकच्याच घेऊन नाचवा की पोरांना.” जमनाने पाटी खाली ठेवली. “माजी पोरगी नाय नाचात, नि माजी पाटी हाय. असं कसं?”

“मावशी, तिला सूर नाही,” इंद्रजीत सर गवसणीच्या नाड्या बांधत म्हणाले.

“सूर नाय? मग अख्खा गाव हळदीला तिला बोलावतो तो काय शिव्या घालायला?” ती राऊत सरांकडे वळली. “एक करा. आत्ता, माज्यासमोर, तिला परत आयका. मग नाय म्हनलात तरी पाट्या ठेवते. उद्या उसनी पाटी मागून बसेन.”

राऊत सरांना इतका स्वस्त सौदा बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. “ऐका, सर. पाच मिनिटांचं तर काम.”

“ऐकून झालंय, सर. शिवाय ते तिला घरूनच येतं. शाळेनं शिकवलेलं नाही. त्याचे गुण कसे देणार?”

राजनंदिनीबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. “सुंदर. म्हणजे आधी येत नाही म्हणून नाही, आणि आता येतं म्हणून नाही. दोन्ही कारणं एकमेकांना खातात, सर. तर्कशास्त्रात याला नाव आहे, पण ते मावशींसमोर घेण्याजोगं नाही.”

इंद्रजीत सरांनी गवसणी पुन्हा सोडली. या माणसाबद्दल राजनंदिनीबाईंचे मत पूर्वीच ठरलेले होते: विशारदाच्या प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर आणि कान त्या चौकटीच्या मागे. अज्ञानाची त्यांना चीड होती, पण अज्ञानावर संतापणे त्या व्यर्थ मानीत. दगडाला कोण रागावते?

“गा,” जमना म्हणाली. “नवरीला हळद लागतेय असं समज.”

जिवलीने हातातल्या टाचण्या रूपलच्या तळव्यावर ठेवल्या, उठली नाही, तशीच बसून डोळे खाली घालून गाऊ लागली.

गाणे संथ होते. त्याला ठेका नव्हता, श्वास होता. ओळ वर चढे, तिथे लांबून राही आणि उतरताना अशा जागी थांबे जिथे पेटीला पट्टीच नाही. इंद्रजीत सरांनी काळी दोन दाबली. मग शेजारची पांढरी. दोन्ही तिच्या आवाजापुढे ओबडधोबड वाटल्या. राजनंदिनीबाई याचीच वाट पाहत होत्या. आता हा म्हणेल, पाहा, सूर लागत नाही. उत्तर त्यांच्या ओठांवर तयार होते, आधारग्रंथांसकट.

पण सरांनी भाता सोडून दिला. ते उठले, कोपऱ्यात गेले आणि एका तंबोऱ्यावरची प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी वर सरकवली. कानाने नुसता अंदाज घेत त्यांनी खुंटी पिळली, तारेखालचा मणी केसभर खाली ओढला, पुन्हा किंचित वर नेला. पुढची ओळ संपायच्या आत तंबोरा जिवलीच्या सुरात बोलू लागला होता. तिने मान वर करून पाहिले आणि आवाज थोडा मोकळा सोडला. सर तिच्याकडे पाहत नव्हते. त्यांची बोटे तारांवरून फिरत होती आणि डोळे मिटलेले होते.

राजनंदिनीबाईंनी ओठांवरचे उत्तर गिळले. आधारग्रंथांची गरज उरली नव्हती. हा माणूस बहिरा नव्हता. इतक्या हलक्या हाताने आणि इतक्या चटकन सूर जुळवणारा कान त्यांनी विद्यापीठातही क्वचितच पाहिला होता. जूनमध्येही हा कान याच खोलीत होता, त्याने हेच ऐकले होते. इतकी वर्षे त्यांनी ज्याला मूर्ख म्हणून सोडून दिले होते, त्याच्याकडे आता त्या प्रथमच रागाने पाहू लागल्या.

गाणे संपले. तंबोरा थोडा वेळ घुमत राहिला, मग सरांनी तारांवर तळवा ठेवला.

“मस्त,” रूपल म्हणाली. “आमच्या गाण्यात असं काहीच नाहीये.”

पदराने तोंड पुसून जमना सरांकडे पाहत राहिली.

राऊत सरांनी घसा साफ केला. सुरातले त्यांना कळत नसले, तरी खोलीतले कळत होते. “म्हणजे... ठीकच वाटलं मला तरी. सर, तुम्ही तर सूर नाही म्हणाला होतात. आता माझ्यासमोर एकदा काय ते सांगा. नाव घालू की नको?”

“मावशी, बघा, दार बंद आहे,” राजनंदिनीबाई जमनाला म्हणाल्या, “या भिंतींतून काही बाहेर जात नाही. सरांना निर्धास्त बोलता येईल.”

इंद्रजीत सर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात टेकून बसले होते. बोलले तेव्हा आवाज वर्गात हजेरी घ्यावी इतका सपाट होता.

“घाला नाव. सूर आहे तिला, जूनमध्येही होता. म्हणूनच घेतलं नाही. ती पथकात गायली असती, तर बाकीच्यांना मी काहीच शिकवलेलं नाही हे पहिल्याच ओळीत सगळ्यांना ऐकू आलं असतं.”